मोटारसायकलच्या रचनेतील पूर्वदाखले

मोटारसायकलच्या रचनेतील पूर्वदाखले म्हणजे दुचाकी वाहनांत नवीन म्हणून पुढे आलेल्या एखाद्या रचनेशी मिळतीजुळती, परंतु त्याआधीच प्रत्यक्षात आलेली किंवा पेटंटात नोंदली गेलेली उदाहरणे होत. दुहेरी स्पार्क प्लग, गिअरविरहित चालन, चाकात बसविलेले इंजिन किंवा मोटार, एकत्रित ब्रेक, विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय, एकच शॉक ॲब्सॉर्बर असलेले मागील निलंबन अशा अनेक रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा एकविसाव्या शतकात लोकप्रिय झाल्या. त्यांतील बहुतेकांची मुळे १८८५ ते १९३० या काळातील युरोपीय व अमेरिकी दुचाकींमध्ये सापडतात.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. एखाद्या रचनेला पूर्वदाखला आहे की नाही, यावर त्या रचनेचे पेटंट टिकणार की रद्द होणार हे ठरते. भारतात या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा पुण्याच्या बजाज ऑटो आणि तमिळनाडूतील टीव्हीएस मोटर या कंपन्यांमधील दुहेरी स्पार्क प्लगच्या वादात झाली. २००७ साली सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये तडजोडीने संपला.

संकल्पना

पूर्वदाखला आणि पूर्वज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोन रचना सारख्या दिसतात म्हणून नंतरची रचना आधीच्या रचनेवरून घेतली असे सिद्ध होत नाही. मोटारसायकलच्या इतिहासात जुन्या आणि नव्या रचनांचे नाते साधारणपणे तीन प्रकारचे आढळते.

१. थेट वारसा: परवाना, तांत्रिक सहकार्य किंवा उघड अनुकरण यांमुळे रचना एका कंपनीकडून दुसरीकडे येते. बजाजची सुरुवातीची स्कूटर आणि इटलीची व्हेस्पा यांचे नाते या प्रकारचे आहे.

२. पुनरुज्जीवन: जुनी कल्पना साहित्य, इंधन किंवा उत्पादनतंत्राच्या मर्यादेमुळे मागे पडते आणि त्या मर्यादा दूर झाल्यावर पुन्हा वापरात येते. विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय हे याचे उदाहरण होय.

३. स्वतंत्र शोध: एकाच अडचणीवर वेगवेगळ्या काळांत, एकमेकांची माहिती नसताना, सारखेच उत्तर शोधले जाते.

पेटंट कायद्याच्या दृष्टीने मात्र या तिन्हींत फरक नाही. शोधकाला जुनी रचना माहीत होती की नव्हती हे गौण ठरते. ती आधी प्रसिद्ध झाली होती का, एवढेच पाहिले जाते.

प्रारंभीचा काळ

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत तयार केलेल्या लाकडी सांगाड्याच्या वाहनास पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल मानण्यात येते. त्यातील इंजिन २६४ सीसीचे व सुमारे अर्ध्या अश्वशक्तीचे होते. वाहन उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंना लहान आधारचाके बसविलेली होती. १८९४ पासून म्युनिकच्या हिल्डेब्रांड व वोल्फमुलर या कंपनीने मोटारसायकलींचे पहिले मालिका उत्पादन सुरू केले. त्यांच्या १,४८९ सीसीच्या इंजिनातील दांडे थेट मागील चाकाला फिरवीत. इंजिन थंड ठेवण्याचे पाणी मागील मडगार्डच्या पोकळीत साठविले जाई, म्हणजे एकाच भागाकडून दोन कामे करून घेतलेली होती.

या काळात मोटारसायकल कशी असावी याचा साचा ठरलेला नव्हता. इंजिन पुढच्या चाकावर, मागच्या चाकात, सांगाड्याच्या मध्यभागी किंवा आसनाखाली असे कोठेही बसविले जात होते. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी १८९७ च्या सुमारास इंजिन पुढच्या चाकाच्या वर ठेवले. पुढे १९०१ मध्ये त्यांनीच ते सांगाड्याच्या तळाशी, दोन चाकांच्या मध्ये आणले आणि तीच जागा पुढे सर्वमान्य झाली. साचा ठरल्यानंतर ज्या रचना त्याबाहेर राहिल्या, त्यांनाच पुढे विक्षिप्त किंवा असाधारण म्हटले जाऊ लागले.

चाकातील इंजिन आणि मोटार

फ्रान्सच्या फेलिक्स मिये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाच सिलिंडरांचे, चाकाबरोबर फिरणारे इंजिन मागील चाकात बसविले. १९२१ ते १९२५ या काळात म्युनिकमध्ये तयार झालेल्या मेगोला मोटारसायकलीत सुमारे ६४० सीसीचे पाच सिलिंडरांचे इंजिन पुढच्या चाकात होते. तिला क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. त्यामुळे सपाट, मोकळ्या रस्त्यावर ती वेगवान असली, तरी थांबायचे म्हणजे इंजिन बंद करावे लागे. शहरातील वाहतुकीत ही मोठी गैरसोय होती.

विजेच्या बाबतीत हीच कल्पना मेगोलाहून जुनी आहे. अमेरिकेतील ओग्डेन बोल्टन यांना मागील चाकाच्या तुंब्यात विद्युत मोटार असलेल्या सायकलीचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. आज कमी वेगाच्या अनेक विद्युत स्कूटरींमध्ये मोटार चाकाच्या तुंब्यातच असते. विद्युत मोटार थांबलेल्या स्थितीतूनही पूर्ण जोर देऊ शकते, त्यामुळे तिला क्लचची गरज नसते. मेगोलाला अडलेली मुख्य अडचण येथे आपोआप सुटते. मात्र चाकाचे वजन वाढल्याने खड्ड्यांचे धक्के अधिक जाणवतात, हा दोष दोन्ही काळांत तसाच राहिला आहे.

स्कूटर: ऑटोपेडपासून बजाजपर्यंत

पायाशी मोकळी जागा, लहान चाके आणि झाकलेले इंजिन ही स्कूटरची ओळख व्हेस्पामुळे रूढ झाली असली, तरी त्याआधी १९१५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ऑटोपेड नावाची उभ्याने चालवायची स्कूटर निघाली होती. तिचे इंजिन पुढच्या चाकावर होते. हँडलचा दांडा पुढे ढकलला की क्लच लागे आणि मागे ओढला की ब्रेक लागे. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ यांची स्कूटामोटा आली. तिला बसण्यासाठी आसन होते. या दोन्ही गाड्या फार काळ टिकल्या नाहीत.

इटलीच्या पियाज्जिओ कंपनीने एप्रिल १९४६ मध्ये व्हेस्पाच्या पेटंटासाठी अर्ज केला. तिचे रचनाकार कोराडिनो दास्कानिओ हे विमानविद्येतील अभियंता होते. पत्र्याचे कवच हाच सांगाडा मानणे आणि पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर पेलणे या दोन्ही गोष्टींत विमानबांधणीचा प्रभाव दिसतो. अशा दांड्यामुळे पंक्चर झालेले चाक मोटारगाडीप्रमाणे बाजूने काढता येते. इंजिन मागील चाकालगत असल्याने साखळीची गरज राहिली नाही.

ही रचना महाराष्ट्रात परवान्याने आली. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या उद्योगसमूहातील बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने आधी दुचाकी व तीनचाकी वाहनांची आयात केली. तिचेच रूपांतर पुढे बजाज ऑटोमध्ये झाले. १९६० च्या सुमारास पियाज्जिओच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. हा करार १९७१ मध्ये संपला आणि त्यानंतर १९७२ पासून चेतक ही स्कूटर कंपनीच्या स्वतःच्या नावाने आली. इंजिन एका बाजूला असण्याचा तोल चेतकनेही सांभाळला. बंद पडलेली स्कूटर एका अंगावर तिरकी करून मग किक मारण्याची सवय महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना होती. तिरकी केल्याने पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते, असा समज त्यामागे होता.

लॅम्ब्रेटा या दुसऱ्या इटालियन स्कूटरचे भारतातील उत्पादन मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने केले. इटलीतील लॅम्ब्रेटाच्या टीव्ही १७५ या प्रतिमानाला १९६२ मध्ये पुढच्या चाकासाठी डिस्क ब्रेक देण्यात आला होता. होंडाच्या सीबी ७५० या मोटारसायकलीमुळे १९६९ मध्ये डिस्क ब्रेक जगभर गाजला. मालिका उत्पादनातील दुचाकीवर तो त्याआधी सात वर्षे आलेला होता, आणि तोही स्कूटरवर.

मोपेड आणि लुना

सायकलीला लहान इंजिन जोडण्याची कल्पना मोटारसायकलीइतकीच जुनी आहे. मोपेड हा शब्द १९५० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीडिश भाषेत मोटार आणि पेडल या दोन शब्दांपासून तयार झाला. फ्रान्समध्ये त्याआधीच, १९४६ मध्ये, व्हेलोसोलेक्स विक्रीस आली होती. तिचे इंजिन रूळाच्या साहाय्याने पुढच्या चाकाला घासून फिरवीत असे. पियाज्जिओने १९६७ मध्ये चाओ ही मोपेड आणली. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये काढलेली ५० सीसीची लुना चाओच्या रचनेवर आधारित होती. लुनाचे उत्पादन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे होत असे.

लुनाचे पॅडल गाडी सुरू करण्यासाठी तर उपयोगी पडतच, शिवाय इंजिन बंद पडल्यास किंवा चढावर दम तोडू लागल्यास चालकाला हातभार लावत. प्रारंभीच्या मोटारसायकलींना पॅडल ठेवण्याचे कारणही हेच होते. १९०० च्या दशकातील तडजोड सत्तर वर्षांनंतर स्वस्त वाहन म्हणून पुन्हा उपयोगी पडली. २०२४ मध्ये याच नावाने विजेवर चालणारी ई-लुना बाजारात आली.

गिअरविरहित चालन

१९०० च्या दशकातील बहुतेक मोटारसायकलींना एकच गिअर असे आणि इंजिनाचा जोर चामड्याच्या किंवा रबरी पट्ट्याने मागील चाकाला मिळे. चढ लागला की इंजिन मंदावे, चालकाला पॅडल मारावे लागे किंवा उतरून ढकलावे लागे. इंग्लंडच्या झेनिथ कंपनीने १९०८ च्या सुमारास ग्रॅड्युआ ही रचना आणली. तीत इंजिनावरील कप्पीच्या दोन तबकड्या एकमेकींपासून दूर किंवा जवळ करून पट्टा कमी किंवा अधिक व्यासावर चालविला जाई. त्याच वेळी मागचे चाक पुढे-मागे सरकून पट्ट्याचा ताण कायम ठेवी. चालक टाकीवरील एक हँडल फिरवून हे सारे हाताने करी.

चढावरील शर्यतींत ग्रॅड्युआ इतकी सरस ठरली की काही स्पर्धांमधून तिला वगळण्यात आले. झेनिथने ही बंदीच आपल्या जाहिरातीचे बोधचिन्ह केली. रज या इंग्लिश कंपनीने १९११ मध्ये मल्टी या नावाने असाच, पण चाक न हलविणारा उपाय काढला. तीत पुढची कप्पी उघडली की मागची मिटे. १९१४ ची आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत सिरिल पुलिन यांनी रज मल्टीवर जिंकली.

पुढे साखळी आणि दातेरी चाकांच्या गिअरपेटीने पट्ट्याला मागे सारले. पावसात पट्टा घसरत असे आणि त्याची झीजही लवकर होई. १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीने मोटारगाडीत व्हॅरिओमॅटिक ही स्वयंचलित पट्टा-पद्धत आणली. भारतात ही पद्धत लोकांच्या हाती दिली ती १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा या ९८ सीसीच्या स्कूटरने. तीत कप्पीतील वजनदार रूळ वेगाबरोबर बाहेर फेकले जातात आणि तबकड्या आपोआप जवळ येतात. ग्रॅड्युआचा चालक जे हाताने करीत होता, ते येथे केंद्रोत्सारी बल करते. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरींमध्ये हीच पद्धत आहे.

घाटरस्त्याचे उदाहरण

बदलत्या गिअरची गरज किती मूलभूत होती, हे एका साध्या हिशेबाने समजते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्याच्या परतवाड्यापासून तेथपर्यंत घाटाने सुमारे ३० किलोमीटरच्या रस्त्यात ७०० मीटरांहून अधिक चढण आहे.

गाडी, दोन माणसे आणि थोडे सामान मिळून २५० किलोग्रॅम वजन धरले, तर ते ७०० मीटर उचलण्यासाठी सुमारे १७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. हा प्रवास एका तासात करायचा, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी सतत सुमारे ०.४८ किलोवॅट, म्हणजे ०.६५ अश्वशक्ती खर्च होते. यात हवेचा विरोध, टायरांचे घर्षण आणि वळणांवरील वेग कमी-अधिक होणे धरलेले नाही. १८८५ च्या डाइमलरच्या वाहनाची एकूण शक्तीच अर्धी अश्वशक्ती होती. शिवाय १,१०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १० टक्के विरळ असते आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते.

उतारावर प्रश्न उलटा होतो. दोन फटक्यांच्या इंजिनाचा आणि पट्ट्यावर चालणाऱ्या स्कूटरचा इंजिन-ब्रेक तुलनेने कमजोर असतो, त्यामुळे सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. घाटातला चढ गिअरच्या रचनेची परीक्षा पाहतो, तर उतार ब्रेकची.

एकत्रित ब्रेक

पाय-ब्रेक दाबला असता दोन्ही चाके एकदम रोखली जावीत, ही व्यवस्था रज कंपनीने १९२० च्या दशकाच्या मध्यास आपल्या मोटारसायकलींवर दिली. पुढच्या चाकाचा ब्रेक एकटाच जोरात लावला तर गाडी घसरेल, या भीतीने चालक तो वापरण्याचे टाळत. प्रत्यक्षात थांबताना भार पुढे जात असल्याने तोच ब्रेक अधिक परिणामकारक असतो. इटलीच्या मोटो गुत्सी कंपनीने १९७० च्या दशकात हीच कल्पना डिस्क ब्रेकसह पुन्हा वापरली.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, आणि त्याहून मोठ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. भारतात विक्रीस येणाऱ्या वाहनांची अशा निकषांनुसार चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे. ग्राहकाच्या निवडीवर सोडलेली रचना जवळपास एक शतकानंतर नियम म्हणून परतली.

दुहेरी स्पार्क प्लग

तंत्र

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर सारे मिश्रण एकाच क्षणी पेटत नाही. ज्योत प्लगपासून सुरू होऊन ज्वलनकक्षाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जाते. प्लग एका कडेला असेल तर ज्योतीला जवळजवळ पूर्ण व्यास ओलांडावा लागतो. तेवढ्या वेळात पलीकडचे तापलेले मिश्रण स्वतःहून पेटले, तर इंजिन ठोके देऊ लागते. समोरासमोर दोन प्लग ठेवल्यास प्रत्येक ज्योतीचे अंतर सुमारे निम्मे होते आणि ज्वलन लवकर पूर्ण होते. त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण कमी असलेले विरळ मिश्रणही नीट जळते.

आधीची उदाहरणे

एका सिलिंडरला दोन प्लग देण्याची प्रथा विमानांच्या इंजिनांत फार जुनी आहे. तेथे एक ठिणगी बंद पडली तरी दुसरी चालू राहावी, हा सुरक्षिततेचा हेतूही असतो. मोटारगाड्यांत इटलीच्या आल्फा कंपनीच्या १९१४ च्या शर्यतीच्या गाडीत दुहेरी प्रज्वलन होते. मोटारसायकलींत होंडाच्या एनटी ६५० या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील गाडीच्या प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा आणि दोन प्लग होते.

डीटीएस-आय

बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर ही मोटारसायकल १५० व १८० सीसी अशा दोन प्रकारांत आणली. २००३ मध्ये तिला डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन, म्हणजेच डीटीएस-आय हे तंत्र देण्यात आले. त्यासाठीच्या पेटंटाचा अर्ज जुलै २००२ मध्ये करण्यात आला होता आणि जुलै २००५ मध्ये पेटंट क्रमांक १९५९०४ मंजूर झाले. दोन प्लगची कल्पना आपणच प्रथम मांडली, असा बजाजचा दावा नव्हता. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरात, विरळ मिश्रण जाळण्यासाठी, दोन प्लग ठरावीक क्षणी वापरणे हा आपला शोध आहे, अशी त्यांची मांडणी होती. २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये कंपनीने एका सिलिंडरला तीन प्लग दिले.

न्यायालयीन वाद

टीव्हीएस मोटरने ऑगस्ट २००७ मध्ये फ्लेम ही १२५ सीसीची मोटारसायकल जाहीर केली. तिच्या इंजिनाला तीन झडपा आणि दोन प्लग होते. बजाजने पेटंटभंगाचा दावा मद्रास उच्च न्यायालयात दाखल केला. टीव्हीएसने उलट बजाजचे पेटंटच रद्द करावे, अशी मागणी पेटंट कायद्याच्या कलम ६४ खाली केली. होंडाच्या नावावरील जुन्या अमेरिकी पेटंटात ही रचना आधीच आलेली आहे, असा टीव्हीएसचा मुख्य आक्षेप होता.

वादाचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. पहिला, लहान व्यासाच्या सिलिंडरात जुनी कल्पना वापरणे हा नवा शोध की ज्ञात गोष्टीचा साधा उपयोग? दुसरा, तिसरी झडप जोडल्याने टीव्हीएसचे इंजिन खरोखर वेगळे ठरते का? बजाजने आपला दावा व्यापक केला तर जुने दाखले त्याच्या आड येत होते, आणि मर्यादित केला तर टीव्हीएसला बाहेर राहणे सोपे जात होते. पूर्वदाखल्यांवरील बहुतेक पेटंटवादांत पेटंटधारकापुढे हीच कोंडी उभी राहते.

फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम दिला. शोधाचा गाभा उचलला असेल तर किरकोळ फरकाने पेटंटभंग टळत नाही, असे तत्त्व त्यांनी लावले. टीव्हीएसने त्यानंतर फ्लेम एका प्लगसह विक्रीस आणली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई हुकूम रद्द केला. बजाज सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला दोन प्लगची गाडी विकण्याची मुभा दिली, विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याचा आदेश दिला आणि मूळ दाव्याची सुनावणी लवकर संपवावी असे सांगितले. पेटंट, व्यापारचिन्ह व स्वामित्वहक्काचे दावे अंतरिम हुकुमांवर वर्षानुवर्षे लढविले जातात याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. अशी प्रकरणे दररोज सुनावणी घेऊन साधारणपणे चार महिन्यांत निकाली काढावीत, असे निर्देश त्याने दिले. हे निर्देश पुढील अनेक बौद्धिक संपदेच्या खटल्यांत उद्धृत झाले.

२०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी एकमेकांविरुद्धचे सर्व दावे मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे जुना दाखला बजाजच्या पेटंटास बाधक होता की नाही, या मूळ प्रश्नावर न्यायालयाचा अंतिम निकाल लागला नाही. भारतात पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असल्याने या पेटंटाची कमाल मुदत २०२२ मध्ये पूर्ण झाली.

विजेवर इंजिन सुरू करणे

कायनेटिक होंडाचे भारतातील दुसरे वैशिष्ट्य म्हणजे बटन दाबून सुरू होणारे इंजिन. किक मारणे ज्यांना अवघड जाई अशा अनेकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, या सोयीने दुचाकीचा मार्ग मोकळा केला. हीच सोय अमेरिकेच्या इंडियन कंपनीने १९१४ मध्ये हेन्डी स्पेशल या मोटारसायकलीवर दिली होती. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या कमकुवत व अविश्वसनीय होत्या आणि हे प्रतिमान लवकरच मागे घ्यावे लागले. सत्तर वर्षांत मूळ कल्पना फारशी बदलली नाही, बॅटरी मात्र बदलली.

निलंबन

इंग्लंडच्या आल्फ्रेड स्कॉट यांच्या १९०८ च्या मोटारसायकलीला पुढे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे निलंबन होते. त्याच गाडीत पाण्याने थंड होणारे दोन फटक्यांचे इंजिन आणि पायाने मारायची किकही होती. नळ्यांच्या निलंबनात तेलाने धक्का शोषण्याची व्यवस्था बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये मालिका उत्पादनात आणली.

मागील बाजूस इंडियन कंपनीने १९१३ मध्ये पानपट्टीच्या स्प्रिंगांवर झुलणारा दांडा वापरला. फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्ये त्रिकोणी झुलता दांडा आणि आसनाखालील स्प्रिंग अशी रचना केली. यामाहाने १९७३ मध्ये शर्यतीच्या गाड्यांत वापरलेले मोनोशॉक निलंबन तिच्याशी मिळतेजुळते आहे. भारतात ते २००० च्या दशकाच्या मध्यापासून दैनंदिन वापराच्या मोटारसायकलींत दिसू लागले.

वायूवर चालणारी मोटारसायकल

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाज फ्रीडम १२५ ही सीएनजी व पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणारी मोटारसायकल केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत सादर झाली. तिच्या आसनाखाली २ किलोग्रॅम सीएनजी मावणारे सिलिंडर असून २ लिटरची पेट्रोल टाकी वेगळी आहे. वायुरूप इंधनाची कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई असताना इंग्लंडमध्ये मोटारी व बस यांच्या टपावर कोळशाच्या वायूच्या मोठ्या पिशव्या बांधून वाहतूक चालविली गेली. तो वायू दाबाखाली साठविलेला नसल्याने पिशवी प्रचंड लागे आणि दुचाकीवर ती अव्यवहार्य ठरे. उच्च दाब सहन करणारी लहान सिलिंडरे आणि त्यांभोवतीचा संरक्षक सांगाडा यांमुळेच ही कल्पना मोटारसायकलीच्या आकारात बसू शकली.

रचना मागे पडण्याची कारणे

जुन्या नवकल्पना मागे पडण्याची कारणे सर्वत्र सारखी नव्हती. हेन्डी स्पेशलला बॅटरीने अडविले. झेनिथच्या पट्ट्याला पाऊस व झीज भोवली. मेगोलाला शहरातील थांबत चालणारी वाहतूक मानवली नाही. काही रचना चांगल्या असूनही महाग ठरल्या. काहींना ग्राहकांची सवय आड आली. कार्ल नेराखर यांच्या १९२० च्या दशकातील नेर-ए-कार या गाडीचे पुढचे चाक तुंब्याच्या मध्यातून वळे. ती अत्यंत स्थिर मानली जाई, तरीही नेहमीच्या मोटारसायकलीसारखी ती दिसत नव्हती आणि ही पद्धत रूढ झाली नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रचना प्रथम कोणी सुचविली आणि ती सर्वसामान्यांच्या वापरात कोणी आणली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेटंट कायदा पहिल्या प्रश्नाला महत्त्व देतो, बाजार दुसऱ्याला.

भारतीय पेटंट कायद्यातील स्थान

भारतीय पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नवीन असावा, त्यात शोधक पायरी असावी आणि तो उद्योगात वापरता यावा. कलम ३ मध्ये ज्या गोष्टींना पेटंट मिळत नाही त्यांची यादी आहे. त्यातील उपकलम (फ) प्रमाणे, आपापले ज्ञात कार्य स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांची केवळ मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती हा शोध ठरत नाही. पेटंट मंजूर होण्यापूर्वी, तसेच मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत, कलम २५ खाली विरोध नोंदविता येतो. पूर्वदाखला परदेशातील असला तरी चालतो आणि त्या रचनेचे प्रत्यक्ष उत्पादन झालेले असण्याचीही गरज नसते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे तांत्रिक मासिक किंवा मुदत संपलेले पेटंट आजच्या खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरू शकते.

कालपट

१८८५: डाइमलर व मायबाख यांचे लाकडी दुचाकी वाहन
१८९४: हिल्डेब्रांड व वोल्फमुलर, पहिले मालिका उत्पादन
१८९५: बोल्टन यांचे चाकातील विद्युत मोटारीचे पेटंट
१९०८: स्कॉट मोटारसायकल, याच सुमारास झेनिथ ग्रॅड्युआ
१९११: रज मल्टी
१९१४: हेन्डी स्पेशल, विजेवर सुरू होणारे इंजिन
१९१५: ऑटोपेड स्कूटर
१९२१: मेगोला
१९२८: व्हिन्सेंटचे मागील निलंबन
१९४६: व्हेस्पा
१९६२: लॅम्ब्रेटावर डिस्क ब्रेक
१९७२: लुना, बजाज चेतक
१९८४: कायनेटिक होंडा
२००३: पल्सर डीटीएस-आय
२००७ ते २०१९: बजाज व टीव्हीएस यांतील वाद
२०२४: बजाज फ्रीडम १२५

हे सुद्धा पहा

बजाज ऑटो
कायनेटिक इंजिनिअरिंग
बौद्धिक संपदा
अंतर्ज्वलन इंजिन
चिखलदरा